विदर्भासाठी वेगळे नवोपक्रम धोरण असावे का, आणि असल्यास त्याची सुरुवात कोठून व्हावी?

प्रश्न
कापूसपट्टा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमच्या तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या वतीने जिल्हा नियोजन समितीला एक निवेदन द्यायचे ठरले आहे आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय असा की, जिल्हा वार्षिक योजनेत ‘नाविन्यपूर्ण योजना’ या नावाने दरवर्षी काही निधी वेगळा ठेवला जातो. तो ग्रामीण भागातील पाणी, जमीन, आरोग्य आणि रोजगार यांच्या प्रश्नांवर नव्या पद्धतीने काम करण्यासाठी वापरला जावा, अशी आमची मागणी आहे. आजवर आमच्या परिसरात या नावाखाली जे आले ते बहुतेक खरेदीच्या स्वरूपात आले. सौर दिवे आले, शाळांना पडदे आणि यंत्रे आली, एका गावात पाणी शुद्ध करणारे यंत्रही बसले. त्या यंत्राची गाळणी बदलण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे न ठरल्यामुळे ते बंद पडून आहे. गावातील बायाबापड्या पुन्हा जुन्याच हातपंपावर पाणी भरतात.

राज्याने २०१८ मध्ये स्टार्टअप धोरण आणले आणि महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत पुष्कळ उपक्रम चालतात, हे मी वाचले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या धोरणाचा पाया उद्योजक हा आहे. ज्याच्याकडे कल्पना आहे त्याने अर्ज करायचा, मग त्याला साहाय्य मिळते. आमच्याकडे परिस्थिती उलट आहे. प्रश्न समोर ठाण मांडून बसलेला आहे, मात्र त्याचे उत्तर कोण शोधणार, ते कोण वापरून पाहणार आणि पाच वर्षांनी ते कोण सांभाळणार, हे कोणाच्याच कामात मोडत नाही. कोरडवाहू कापूस, गुलाबी बोंडअळी, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी, फवारणीतून होणारी विषबाधा, जंगलालगतच्या शिवारात रानडुकरांचा आणि वाघांचा वावर, हे सारे आमच्या एका तालुक्यातही सापडते.

म्हणून माझे विचारणे असे आहे की, सामाजिक आणि पर्यावरणीय प्रश्न सोडवण्यासाठी एखाद्या प्रदेशाचे स्वतःचे नवोपक्रम धोरण असू शकते का? असल्यास त्यात नेमके काय लिहिलेले असावे? निवेदन दोन पानांचे आहे, त्यामुळे मोठ्या घोषणांपेक्षा ज्या दोन-तीन गोष्टींवाचून पुढे काहीच होणार नाही अशा गोष्टी जाणकारांनी सुचवाव्यात, ही विनंती.


उत्तर
पूर्णाकाठ (अकोला जिल्हा, कृषी विभागातून निवृत्त)

भाऊ, आपण प्रश्न योग्य जागी धरला आहे. प्रदेशाचे नवोपक्रम धोरण ही कल्पना नवीन नाही. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० या काळासाठी असा दंडक घातला होता की, संशोधन आणि नवोपक्रमासाठी प्रादेशिक निधी हवा असेल तर त्या प्रदेशाने आधी आपली बलस्थाने आणि प्राधान्ये ठरवणारा आराखडा सादर करावा. तो आराखडा मंत्रालयात बसून न लिहिता विद्यापीठे, उद्योग, स्थानिक प्रशासन आणि नागरिकांचे गट यांनी एकत्र येऊन लिहावा, असेही अपेक्षित होते. पुढे त्याला पर्यावरणीय आणि सामाजिक ध्येयांची जोड दिली गेली. त्या अनुभवातून एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची निघाली. ज्या प्रदेशांतील संस्था आधीच सक्षम होत्या त्यांना हा आराखडा चांगला वापरता आला, आणि ज्यांना त्याची खरी गरज होती तेथे तो पुष्कळदा कागदावर राहिला. म्हणून तेथील आराखड्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. पैसे मागण्यापूर्वी प्रश्न नेमका लिहून काढावा, एवढी एक शिस्त मात्र जरूर घ्यावी.

प्रश्न नेमका लिहिणे म्हणजे काय, हे मी आमच्या खारपाणपट्ट्यावरून सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा आहे. येथील भूजल खारे आहे, त्यामुळे विहीर खोदून ओलीत करता येत नाही. ते पाणी जमिनीला दिले तर जमीन आणखी बिघडते. माती काळी, खोल आणि चिकण आहे. तिच्यात सोडियमचे प्रमाण जास्त असल्याने पावसाचे पाणी वरच साचते आणि वाळल्यावर तीच जमीन दगडासारखी होऊन तिला भेगा पडतात. पिण्याच्या पाण्यासाठी गावे ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक नळ योजनांवर अवलंबून आहेत. अशा ठिकाणी ‘सिंचन वाढवा’ हे ध्येय चुकीचे ठरते. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात अडवून हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळी तुषार संचाने एक संरक्षित पाणी मिळावे, हे ध्येय बरोबर आहे. हे एकदा ठरले की बाकीचे प्रश्न आपोआप पुढे येतात. चिकण मातीत पाणी फारसे झिरपत नसल्याने अनेक ठिकाणी शेततळ्याला प्लास्टिकच्या अस्तराची गरज पडत नाही. मग अनुदानाचे मापदंड मुरमाड जमिनीचे का लावायचे? तळ्यातून पाणी उचलायला पंप हवा, तर तो प्रत्येकाने घ्यायचा की चार शेतकऱ्यांनी मिळून? संशोधनाला आणि नव्या उत्तरांना वाव येथे आहे.

पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यातील १५ जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात खारपाणपट्ट्यातील गावांचा वेगळा विचार झाला, हे मी मोठे पाऊल मानतो. प्रशासकीय हद्दीऐवजी जमिनीचा आणि पाण्याचा गुणधर्म पाहून गावे निवडली गेली. आपल्या निवेदनात पहिली मागणी हीच असावी. प्रश्नाची हद्द निसर्गाने ठरवलेली असते आणि निधीची हद्द जिल्ह्याने. या दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था विदर्भात आज नाही. १९९४ पासून असलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्या मंडळाच्या कारभाराबद्दल मतभेद असू शकतात, तरीही अनेक जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्याची ती एक जागा होती. दोन किंवा तीन जिल्हा नियोजन समित्यांनी एका प्रश्नासाठी संयुक्त आराखडा मंजूर करावा, अशी तरतूद मागायला हरकत नाही.


उत्तर
झाडीपट्टी (गोंदिया जिल्हा)

पूर्णाकाठ दादांनी हद्दीचा मुद्दा मांडला, तो पटला. मला दुसऱ्या बाजूने बोलायचे आहे. विदर्भात नवोपक्रमांची वानवा कधीच नव्हती. येथे जे नवे निर्माण झाले त्यातले काय टिकले आणि काय विरले, हे पाहिले तर धोरणात काय हवे ते बरेचसे स्पष्ट होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकला तर काय करावे आणि जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे कमी शिकलेल्या बाईलाही नीट जमते, हे त्यांनी ३९ गावांत काम करून दाखवले. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु देशभरातील बाळांना त्याचा लाभ मिळू लागला तो २०११ मध्ये, जेव्हा आशा कार्यकर्तीच्या कामात घरच्या नवजात काळजीच्या भेटी अधिकृतपणे समाविष्ट झाल्या आणि त्यासाठी तिला मोबदला ठरला. प्रयोग यशस्वी होणे आणि त्याला व्यवस्थेत जागा मिळणे या दोन घटनांमध्ये एक तपाचे अंतर पडले.

मेंढा (लेखा) या गावाचेही असेच आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्या कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. तरीही ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना वन विभागाकडे होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि त्यानंतर गावाची बांबूविक्री सुरू होऊन त्या उत्पन्नातून मजुरीची, जंगल राखण्याची आणि गावाच्या इतर कामांची सोय झाली. एक परवाना-पुस्तक कोणाच्या हाती आहे, यावर सगळे अडले होते.

याच्या उलट उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याचे आहे. तेथील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या बांधीतून वेगळी दिसलेली लोंबी निवडून, वर्षानुवर्षे तिची पेरणी करून एचएमटी हे वाण तयार केले. ते लाखो शेतकऱ्यांनी पेरले, बाजारात त्या तांदळाला नाव मिळाले, दादाजींना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कारही मिळाला. पण वाणाच्या विक्रीतून त्यांना वाटा मिळेल अशी कोणतीही व्यवस्था त्या काळात नव्हती. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदा २००१ मध्ये आला, तोवर एचएमटी सर्वत्र पसरले होते. २०१८ मध्ये दादाजी गेले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती हलाखीचीच होती. आपण सत्कार केला आणि नियम केला नाही, ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, धोरणात पुरस्कार, स्पर्धा आणि महोत्सव यांना दुय्यम स्थान द्यावे, आणि प्रत्येक प्रयोगाच्या प्रस्तावातच ‘हे यशस्वी झाल्यास कोणता शासन निर्णय, कोणता दर किंवा कोणता परवाना बदलावा लागेल आणि तो कोणाच्या सहीने बदलतो’ असा एक रकाना असावा. हा रकाना भरता आला नाही तर तो प्रयोग गावाच्या माथी मारू नये.

आमच्याकडच्या मामा तलावांचे उदाहरण घ्या. माजी मालगुजारी तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारोंच्या संख्येने आहेत. कोहळी समाजाने हे बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे येथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही कामे गावाच्या हातून निसटली. नंतरच्या काळात उत्पन्नासाठी रोहू, कटला यांची बोटुकली आणि काही ठिकाणी गवत खाणारे मासे सोडले गेले. त्यांनी पाणवनस्पती संपवल्या, काठावर बेशरम हे झुडूप माजले, मरळ, मागूर, शिंगी असे देशी मासे कमी झाले. आता भंडारा-गोंदियाकडच्या काही तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातील बायांच्या गटांनी वेगळे काम उभे केले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या तलावाच्या पोटातली बेशरम मुळासकट उपटतात, तेवढा तुकडा नांगरून घेतात, आणि पाऊस पडून पाणी चढू लागले की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात रोवतात. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लावायची आणि कोणत्या माशाला अंडी घालायला कोणती लागते, हे त्यांना तोंडपाठ आहे. वर्षा-दोन वर्षांत मासे आणि पाणपक्षी परत आल्याचे तेथे दिसते. या कामाला यंत्र लागत नाही, पेटंट लागत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही स्टार्टअप योजनेच्या अर्जात ते बसत नाही. त्याला लागतो तो तलावाचा ठेका देण्याच्या अटींमधला बदल. ठेका अल्प मुदतीचा असेल आणि केवळ बोलीवर ठरत असेल, तर तलाव सुधारण्यात मेहनत घालणाऱ्या बाईला तिचे फळ मिळेलच याची शाश्वती राहत नाही.


उत्तर
चौथा मजला (नागपूर, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात)

मी शेती-अवजारे तयार करणाऱ्या एका लहान उद्योगात काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु चर्चेचा निष्कर्ष ‘यंत्र आणि उद्योजक नकोत’ असा निघू नये असे मला मनापासून वाटते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली होती, ओळी दाट होत्या, दमट उष्म्यात अंगावर संरक्षक कपडे टिकत नव्हते, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती आणि फवारा तोंडावर येत होता. यावर उत्तर म्हणून चांगला पंप, वेगळी नळी, वाऱ्याची दिशा पाहून फवारण्याची पद्धत हे सगळे लागतेच, आणि ते करणारे तरुण अभियंते नागपूर, अमरावती, वर्धा येथे आहेत. अडचण अशी की, ज्याच्या जिवाला धोका आहे तो मजूर पंप विकत घेत नाही. पंप मालकाचा असतो आणि अनुदान सातबारा असणाऱ्याला मिळते. त्यामुळे मजुरासाठी सुरक्षित पंप बनवणाऱ्या उद्योगाला ग्राहकच उरत नाही. येथे शासनाने किंवा उत्पादक कंपनीने खरेदीदार व्हावे लागेल. गावात प्रशिक्षित फवारणी पथक असावे, त्याच्याकडे चांगली साधने असावीत, एकरी दर ठरलेला असावा आणि पथकातील प्रत्येकाचा विमा असावा, अशी सेवा विकत घेण्याची तरतूद नाविन्यपूर्ण योजनेतून मागता येईल.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या उद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचा कार्यादेश मिळत असे. ही कल्पना मला आवडली, कारण त्यात शासन बक्षीस देत नाही, काम देते. परंतु एका विभागाने एकदा प्रायोगिक काम करून घेतल्यानंतर दुसऱ्या जिल्ह्याने तेच घ्यायचे म्हटले की पुन्हा पहिल्यापासून निविदा, अनुभवाची अट, उलाढालीची अट. लहान उद्योग तेथेच थांबतो.

दुसरा मुद्दा गुलाबी बोंडअळीचा. बीजी-२ या बोंडअळीरोधक जनुकीय कपाशीला ही अळी दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये आपल्याकडे मोठे नुकसान झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावरचे उपायही ठाऊक आहेत: फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक) न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटून शेत मोकळे करणे, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावणे, जिनिंगच्या आवारात सापळे लावून तेथून उडणारे पतंग पकडणे. यातला एकही उपाय एकट्या शेतकऱ्याने करून पुरत नाही. माझ्या शेतात सापळे आहेत आणि शेजारच्या शेतात मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी आहे, तर माझा खर्च वाया जातो. पूर्ण शिवाराने एकाच वेळी करायची ही गोष्ट आहे. आपली अनुदान व्यवस्था मात्र एकेका खातेदाराच्या अर्जावर, त्याच्या बँक खात्यावर चालते. संपूर्ण शिवार हा अर्जदार होऊ शकतो, असे एखाद्या योजनेत लिहिले गेले तर माझ्या मते ते कोणत्याही नव्या यंत्राहून जास्त मोलाचे ठरेल.

पऱ्हाटी उपटायची तर तिचे करायचे काय, हाही प्रश्न आहे. बांधावर जाळण्यापेक्षा तिचे तुकडे करून इंधनाच्या कांड्या किंवा गोळ्या करता येतात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन वापरावे, असे केंद्राचे धोरण २०२१ मध्ये आले, आणि कोळशावरची मोठी केंद्रे आपल्याच चंद्रपूर-कोराडीला आहेत. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर असते, ती दूर वाहून नेणे परवडत नाही, त्यामुळे तुकडे करण्याचे काम शिवारातच व्हायला हवे. अळीचा बंदोबस्त, धुराचे प्रदूषण आणि गावातला रोजगार असे तीन प्रश्न या एका कामात एकत्र येतात. मात्र कृषी, ऊर्जा आणि ग्रामविकास हे तीन विभाग एका टेबलाशी बसल्याशिवाय ते उभे राहणार नाही. असे बसणे अशक्य नाही. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव आणि नाले खोल करून घ्यायची, या बुलढाणा पॅटर्नमध्ये रस्ते आणि जलसंधारण यांनी ते करून दाखवले. रस्त्याला माती मिळाली, गावाला साठा मिळाला, आणि खोदाईसाठी वेगळा खर्च पडला नाही.


प्रश्नकर्ता
कापूसपट्टा

सर्वांचे मनापासून आभार. झाडीपट्टी ताईंचा रकाना आणि ‘शिवार हा अर्जदार’ ही मागणी मी जशीच्या तशी घेत आहे. संयुक्त आराखड्याची मागणीही घेतो. आमचा तालुका खारपाणपट्ट्यात नसला तरी बोंडअळी जिल्ह्याची हद्द पाळत नाही, हे मला निवेदनात ठळकपणे लिहिता येईल. आम्ही पहिल्या वर्षासाठी एकच प्रश्न निवडण्याचे ठरवत आहोत: तीन लागून असलेल्या गावांचे पूर्ण शिवार जानेवारीअखेर पऱ्हाटीमुक्त करणे, तुकडे करण्याचे यंत्र उत्पादक कंपनीने चालवणे, आणि फवारणी पथक उभारणे. एक शंका उरते. नाविन्यपूर्ण योजनेचा निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो, आणि आमचे काम डिसेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या हंगामातील पतंगांची संख्या पाहिल्यावरच फळाला आले की नाही ते कळेल. हा कालावधीचा पेच कसा सोडवावा?


उत्तर
पूर्णाकाठ

हा पेच खरा आहे आणि तो निवेदनात उघडपणे लिहावा. काम दोन भागांत मांडा. यंत्र आणि साधने यांची प्रशासकीय मान्यता जून-जुलैतच मागा, म्हणजे खरेदी दिवाळीपूर्वी होईल आणि मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र देता येईल. पथकाचे मानधन, विमा, सापळ्यांच्या नोंदी आणि यंत्राची देखभाल यांसाठी मात्र दुसऱ्या वर्षाचे दायित्व मूळ मंजुरीतच दाखवून घ्या. ते एकदा दायित्व म्हणून नोंदले गेले की पुढील वर्षी नव्याने भांडावे लागत नाही. आपल्या गावच्या पाणी शुद्धीकरण यंत्राच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले असावे.

नोंदींबद्दल आणखी एक सांगतो. दर आठवड्याला सापळ्यातील पतंग मोजण्याचे काम बाहेरच्या संस्थेला देऊ नका. तिन्ही गावांतील दोन-दोन मुलींना ते शिकवा, मोजणीचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि त्याची प्रत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला व नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला पाठवत राहा. शेजारची तीन गावे, ज्यांनी पऱ्हाटी उपटली नाही, तेथेही तेवढेच सापळे लावून मोजणी करा. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कोणताही अधिकारी शासन निर्णयात बदल सुचवणार नाही. मसुदा तयार झाला की येथे टाका, त्यातील मंजुरीच्या टप्प्यांचा भाग मी तपासून देईन.